अंगठ्याची जागा

माझा नवरा भिंतीच्या मागच्या बाजूने चालतो. मी स्वयंपाकघरात असले की हे बैठकीत असतात, मी बैठकीत आले की हे स्वयंपाकघरात. मधे भिंत एकच आहे आणि ती आम्हा दोघांना पुरते. दोन रंगांच्या लोकरीने विणताना असंच असतं. ज्या टाक्यात पांढरा पुढे येतो त्या टाक्यात निळा मागून जातो, आणि निळा पुढे आला की पांढऱ्याने मागे व्हायचं. त्यात भांडण्यासारखं काही नाही.

हे आमच्या लग्नातच सुरू झालं. अंतरपाट दूर झाला तेव्हा मी खाली बघत होते. नवरीने खाली बघायचं असतं असं झाडून सगळ्या बायकांनी सांगितलं होतं, आणि मी तेव्हा सांगितलेलं ऐकत असे. खाली मला यांचे दोन हात दिसले. लांब बोटं, उजव्या अंगठ्यावर जुन्या जखमेची पांढरी रेघ. माझ्या गळ्यात हार पडला. हार कुणी घातला ते बघायला मी मान वर केली, तर हे मागे गेलेले होते.

तेव्हापासून यांचा चेहरा मी पाहिलेला नाही. फोटो काढून पाहिले. यांचा फोटो माझ्या हातात आला की पालथा असतो, आणि उलटला की चेहराही पलीकडे जातो. गावातल्या बायका सांगतात, नाक सरळ आहे, भुवया जाड आहेत, हसले की एक गाल आधी हलतो. ऐकून ऐकून मी एक चेहरा जमवला आहे, पण त्याला डोळे नीट बसत नाहीत. मग मुलगा कसा झाला, असं विचारणाऱ्याही आहेत. दोन्ही धागे एकाच टाक्याला लागून असतात, याहून जास्त मी सांगणार नाही.

हात मात्र मनगटापर्यंत दाराच्या चौकटीतून पुढे येतो. तेवढं चालतं. आमच्या चिखलदऱ्याला थंडी बोचरी, आणि यांचं काम रोपवाटिकेत, ओल्या मातीत. म्हणून मी दर हिवाळ्यात यांना नवे हातमोजे विणते. पांढऱ्यावर निळ्या कॉफीच्या फांद्या, फांदीला गोल फळं. पांढरी लोकर डाव्या हातात, निळी उजव्या. पांढरी नेहमी वरून घ्यायची, निळी नेहमी खालून. हा क्रम मोडला की गुंडे एकमेकांत अडकतात आणि मग बसा सोडवत. घरातही मी वरून येते आणि हे खालून. एका संक्रांतीला तिळगूळ द्यायच्या घाईत आम्ही दोघंही वरून आलो आणि दिवे लागेपर्यंत भिंतीभोवती उलटे फिरत गुंता सोडवत बसलो. खालून येणारा धागा नक्षीत जास्त उठून दिसतो, म्हणून पाहुणे यांचंच कौतुक करतात. मी ते मनावर घेत नाही. थोडं घेते.

मागून जाणारा धागा फार लांब मोकळा सोडायचा नाही, नाहीतर घालणाऱ्याची बोटं त्यात अडकतात. चार-पाच टाके झाले की पुढच्या धाग्याने त्याला धरून घ्यायचं. तसं मी काम करता करता भिंतीला हाक मारते.

"हाय का तुमी?"

"हाव," हे पलीकडून म्हणतात.

एवढं पुरतं. एकदा मी माहेरी गेले आणि हाक द्यायची राहिली, तर दूधवाला यांच्यात अडकला आणि दूध नासेपर्यंत त्याला निघता आलं नाही. तसं म्हणाल तर मी सुखी बाई आहे. दुपारी मी विणायला बसले की माझ्या सुयांचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. टिक टिक इकडून, टिक टिक तिकडून. नवरा-बायको समोरासमोर बसूनही याहून वेगळं काय ऐकतात?

मग प्रफुल्लचा अमरावतीहून फोन आला. प्रफुल्ल आमचा मुलगा. बाबांना साठ पूर्ण होताहेत, साठीची शांत करायची, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

"गुरुजींशी बोललो मी," तो म्हणाला. "तुम्हाला दोघांना पाटावर बसवतील, गाठ मारतील, पुन्हा लग्न लावतील. अंतरपाट, मंगलाष्टकं, सगळं."

"गाठ कशी मारशील रे?" मी म्हटलं. "मधे भिंत हाय."

"आई, ते तू पाहा. गुरुजी म्हणतात दोघं एकमेकांसमोर पायजेत. एकजण मागं असला तर शांत लागत नाही."

मी फोन ठेवला आणि उगाचच पदर नीट केला. पुन्हा अंतरपाट धरणार. पुन्हा दूर होणार. या वेळी वर बघायचं, बस्स. मला यांचा चेहरा एकदा पाहायचा होता. इतकी वर्षं हे मी स्वतःला म्हटलं नव्हतं, आणि आता म्हटल्यावर माझे कान गरम झाले.

"ऐकलं का?" मी भिंतीला विचारलं.

"ऐकलं," हे म्हणाले. मग म्हणाले, "नवी टोपी घ्या लागीन."

यांना पुढे कसं आणायचं, याचा विचार करायला मी विणायला बसले. विचार करताना माझा हात घट्ट होतो. निळा धागा मागून नेताना मी तो थोडा ओढला. मोजा किंचित आखडला, आणि भिंतीमागून यांचा श्वास जवळ आल्यासारखा वाटला. मी आणखी ओढला. मला वाटलं, ओढत राहिलं तर एक ना एक दिवस हे पुढे येतीलच.

दुसऱ्या दिवशी बैठकीत बसल्या बसल्या माझा हात मिठाच्या बरणीला लागला. मला फार बरं वाटलं. गुडघे दुखणाऱ्या बाईला असंच घर पाहिजे. मग देवघर शेगडीला येऊन टेकलं आणि उदबत्ती फोडणीवर लावता येऊ लागली. पलंगाचे चारही पाय एकत्र आले, मी त्यावर बकरीसारखी बसू लागले. भिंतीला चुण्या पडल्या आणि कॅलेंडरचा आठवडा सोमवारवरून थेट शनिवारी जाऊ लागला. बाहेर गल्लीही आखडली. एसटीचा कंडक्टर शिटी मारायचा तेव्हा माझ्या साखरेच्या डब्याचं झाकण उडायचं. मी गाल भिंतीला लावून बसत असे. भिंत उबदार झाली होती, आतून हळूहळू हलत होती. मी हाक मारायची नाही तरी हे अगदी कानाशी असायचे. असे दिवस मी आयुष्यात पाहिले नव्हते.

"हाय का तुमी?" मी लाडाने विचारायची.

"हाव," हे म्हणायचे. मग नुसतं "हा" म्हणू लागले. मग एके दिवशी म्हणाले, "मंदा, छाती दाबून रायली वं."

मी हातातला मोजा पाहिला. तो बाहुलीलाही झाला नसता. कॉफीची फळं एकमेकांवर चढून बसली होती. मी ऐकलं न ऐकलं केलं आणि आणखी एक ओळ विणली, कारण ओळ अर्धी सोडू नये असं मला लहानपणापासून वाटतं. समारंभ चार दिवसांवर आला होता.

बेबीताई परतवाड्याहून आल्या तेव्हा त्यांना दारातून आडवं होऊन यावं लागलं. बेबीताई माझी नणंद, यांची धाकटी बहीण. देह मोठा आणि तोंड त्याहून मोठं. अर्ध्या आत आल्या आणि अडकल्या.

"अवं वयनी, हे घर हाय का उंदराचं बीळ?" त्या ओरडल्या. "कालवणात पाय पडला माह्या!"

"सगळं हाताशी असलं की बरं असते," मी म्हटलं.

"दादा कुठी हाय?"

"हा," भिंतीतून बारीक आवाज आला.

बेबीताईंनी माझ्या हातातून मोजा ओढून घेतला आणि पालथा केला. विणकाम कळणारी बाई आधी मागची बाजू बघते. पुढची काय, कुणाचीही चांगली दिसते. मागे निळे धागे ताणून ताणून तारेसारखे झाले होते. त्यांनी एकावर नख मारलं, तर तो वाजला, आणि भिंतीमागे हे कळवळले.

"मागचा धागा असा ओढते का कोणी? जीव घेशीन त्याचा!" बेबीताईंचा आवाज एकदम खाली आला. "कायले ओढत होती वं?"

"पुढे यायला पायजेत," मी म्हटलं. "साठी हाय. मले पाहाचं हाय त्यायले एकदा."

त्यांनी मोजा माझ्या मांडीवर ठेवला आणि उसवायचं टोक शोधू लागल्या.

मग आम्ही मोजा उसवला. नव्याने टाके घातले, आणि बेबीताई समोर बसून माझ्या हातावर लक्ष ठेवू लागल्या. रंग बदलायच्या आधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरून घ्यायचे. तेवढ्या लांबीचा धागा मागे सैल पडू द्यायचा. मग विणायचं. हे मला माहीत होतं. माहीत असलेलं करवत नाही, तीच तर पंचाईत. मी एक एक ओळ विणत गेले तशा बेबीताई पुढचं दार आणि मागचं दार दोन्ही हातांनी लांब सारत गेल्या. पलंगाचे पाय आपापल्या कोपऱ्यात गेले. देवघर सुटलं. कंडक्टर लांब गेला. मंगळवार, बुधवार बाहेर आले.

"हाय का तुमी?"

"हाव," हे म्हणाले आणि पोटभर श्वास घेतला. तो आवाज ऐकून मला रडू आलं. पण आता हे पुन्हा भिंतीपलीकडे होते, जिथे पहिल्यापासून होते तिथेच, आणि समारंभ परवावर आला होता.

बेबीताई मोजा हातात घालून बघत होत्या. बोटं बसली. अंगठा आतच राहिला.

"अंगठा कुठी काढशीन याचा?"

"धागा टाकला हाय नं," मी म्हटलं आणि दाखवलं. तळव्याच्या कडेला, अंगठा जिथे यायचा तिथे, काही टाके मी पिवळ्या सुताने विणले होते. अंगठ्याची जागा विणतानाच ठेवायची असते. तेवढे टाके टाकाऊ धाग्याने विणायचे आणि त्यावरून नेहमीसारखं पुढे जायचं, जणू तिथे काही व्हायचंच नाही. सगळा मोजा झाला की तो धागा उपसायचा. मग तिथे तोंड उघडतं. वरचे टाके वर आणि खालचे टाके खाली, उघडे, कशालाही न धरलेले. ते लगेच सुयांवर घेतले तर अंगठा विणता येतो. एखादा निसटला तर सगळं उसवत जातं.

"पिवळं सूत कुठून आणलं?" बेबीताईंनी विचारलं.

आणि मग आम्ही दोघींनी एकदमच भिंतीकडे पाहिलं. मधल्या भिंतीवर छातीच्या उंचीला एक पिवळी रेघ आहे. मी सासरी आले तेव्हाची. हातातलं हळकुंड सोडलं त्या दिवशी त्याचं अर्धं सूत मी लोकरीत ठेवलं आणि अर्धं भिंतीत विणून टाकलं, कारण आईने सांगितलं होतं, काही सुरू करशील तिथे अंगठ्याची जागा ठेवत जा. नंतर त्यावर कॅलेंडर आलं, प्रफुल्लची उंची मोजायच्या खुणा आल्या, आणि मी विसरून गेले. खरं म्हणजे विसरले नव्हते. कॅलेंडर मीच लावलं होतं.

"इतकी वर्षं उपसला नाई?" बेबीताई म्हणाल्या.

"उसवलं म्हणजे?"

"वयनी, अंगठा नाई काढला तं तो हातमोजा नोय. ते पिशवी हाय."

मला भीती वाटली, सरळ सांगते. घर चांगलं होतं. हाक होती, उत्तर होतं, दुपारी दोन्हीकडून सुयांचा आवाज होता. एवढं सगळं एका पिवळ्या सुताला टांगून द्यायचं, तेही एका चेहऱ्यासाठी, जो मी बायकांकडून ऐकून अर्धाअधिक जमवलेलाच होता. मी भिंतीपाशी उभी राहिले.

"धागा काढू का?" मी विचारलं.

पलीकडे कागदी पिशवी खुरखुरली. मग हे म्हणाले, "नवी टोपी आणली म्या."

साठीच्या दिवशी सकाळी धुकं इतकं होतं की पाहुणे आधी ऐकू आले आणि मग दिसले. प्रफुल्लने अंगणात साठ दिवे मांडले होते. गुरुजींनी भिंतीच्या या बाजूला एक पाट ठेवला, त्या बाजूला जाऊन एक ठेवला, आणि पुन्हा या बाजूला येऊन नापसंतीने बसले.

"असं कधी केलं नाही," ते म्हणाले.

"मंत्र तेच हायेत नं?" बेबीताई म्हणाल्या. "मंग म्हणा."

मी लग्नातला शालू नेसले होते. कंबरेला दोन्हीकडे टोक असलेल्या सुया खोचल्या होत्या. उजवा मोजा मी रात्रीच पुरा केला होता, अंगठा तेवढा राहिला होता. दारातून यांचा उजवा हात पुढे आला, मी तो मोजा त्यावर चढवला आणि अंगठा आत दुमडून ठेवला. हात गार होता. अंगठ्यावरची रेघ मी बोटाने पाहून घेतली. हात परत गेला.

वेगळा अंतरपाट धरायची गरज नव्हती. गुरुजींनी भिंतीवर कुंकवाने स्वस्तिक काढलं आणि मंगलाष्टकं सुरू केली. सगळ्यांच्या हातात अक्षता होत्या. मी कॅलेंडर काढलं. पिवळी रेघ जशी होती तशी होती. मी सुताचं टोक दातात धरलं, कारण हात सुयांसाठी मोकळे पाहिजेत, आणि हळूहळू मान मागे नेली.

सूत आलं. न अडकता, न तुटता, एकेका टाक्यातून सुटत आलं, आणि त्याच्यामागे भिंत ओठांसारखी उघडत गेली. खालचे टाके उघडे पडले तसे मी ते सुईवर घेत गेले. पांढरा, निळा, पांढरा. आतून रोपवाटिकेतल्या ओल्या मातीचा वास आला. खालची ओळ पूर्ण सुईवर आली आणि मला कळलं की वरची ओळ तशीच उघडी आहे आणि मला दोनच हात आहेत. वरचा पहिला टाका थरथरला. छपरात कुठेतरी एक धागा सरकल्याचा आवाज झाला.

तेवढ्यात पलीकडून एक सुई आली आणि तिने तो टाका उचलला. मग दुसरा. मग तिसरा. सवयीच्या हाताने, न घाईने, टिक, टिक, टिक. तो आवाज मी ओळखला. इतकी वर्षं दुपारी भिंतीवरून परत येत होता तोच. परत येत नव्हता तर.

सुई धरलेला हात मोज्यातला होता. माझाच मोजा, पण पलीकडून उलटा दिसत होता. ज्या बाजूला मी निळे मोकळे धागे सोडले होते ती त्यांची पुढची बाजू होती, आणि तिथे फांद्या होत्या, फळं होती, सगळी नक्षी व्यवस्थित होती, निळ्यावर पांढरी.

मी अजून खालीच बघत होते. टाके सुईवर आहेत तोवर नजर हलवता येत नाही. माझ्या ओळीचे टाके ओल्या लोकरीसारखे जड झाले होते आणि सुईच्या टोकाकडे सरकत होते. वरची ओळ त्यांनी धरलेली, खालची मी. दोघांपैकी कुणालाही हात सोडता येत नव्हता. आमच्यामध्ये आता एका वितीएवढं अंतर होतं. यांचा श्वास माझ्या कपाळाला लागत होता.

"इतकी वर्षं मागं कायले रायली वं तू?" हे म्हणाले. हे पहिल्यांदाच भिंतीशिवाय बोलत होते. आवाज मला वाटला होता त्याहून तरुण होता.

"मी मागं?" मी म्हटलं. दातात सूत असल्यामुळे ते नीट आलं नाही.

"मी इकडून हाक मारो. तू मागून हाव म्हणो."

मी हसले. दातातलं सूत हललं. मागे गुरुजींचं शेवटचं "सावधान" झालं आणि अक्षता पडू लागल्या. भिंतीवर, माझ्या केसांत, सुयांवर, उघड्या टाक्यांमधून आत.

"वयनी, टाका!" बेबीताई ओरडल्या.

माझ्या सुईवरचा शेवटचा टाका टोकाशी आला होता.

"मंदा," हे म्हणाले, "या खेपेले खाली पाहू नको."

मी वर पाहिलं.